उजवीकडचा भांग

क्लायपेडाच्या धक्क्यामागे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून
माझ्या दोन खुर्च्या. एकीचा पंप बिघडलाय,
तिच्यावर बसलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता खाली जातं,
म्हणून ग्राझिनाला मी दुसरीवर बसवलं.

एकतीस वर्षं तिनं फेरीबोटीवर तिकिटं फाडली.
इथून समोरच्या वाळूच्या पट्टीपर्यंत, आणि परत.
एकतीस वर्षं डोक्यावर निळी टोपी.
मागच्या मंगळवारी सही करून ती परत केली,
घरी येऊन आरशात पाहिलं,
तर टोपी गेली होती,
टोपीचा आकार गेला नव्हता.

"गाईनं चाटल्यासारखे झालेत," ती म्हणाली.
"जरा फुगव. पण डब्यातलं काही नको,
त्या फवाऱ्यांनी मला शिंका येतात.
आणि खोटे केस लावून फसवू कुणाला?
अख्खा धक्का ओळखतो मला."

मी केस हातात घेतले.
बारीक, सरळ, स्वभावानं गरीब.
रेशमाच्या लडीसारखे म्हटलं असतं,
पण खरं सांगायचं तर उकडलेल्या शेवयांसारखे.

रात्री अर्धा ग्लास बिअर मी उघडी ठेवली होती.
फेस मरू द्यावा लागतो.
मग तितकंच पाणी घालून धुतलेल्या केसांवर ओतायची,
आणि पुन्हा धुवायचं नाही.
हे आत्यानं शिकवलेलं,
साबणासाठीही रांग लागायची त्या दिवसांत.
"वास येईल," ग्राझिना म्हणाली.
वाळला की जातो, मी म्हटलं. नाही गेला तर
लोक समजतील, निवृत्ती साजरी करतेय.

मग मान खाली.
केस जमिनीकडे, मी गुडघ्यांवर,
खालून वर गरम वारा,
बोटांनी मुळं हलवत राहायची,
कुंडीतली माती मोकळी करतात तशी.
उलटी असतानाच ती बोलायला लागली.
(उलटं माणूस बोलतंच. चेहरा लपलेला असतो.)
बुधवारी ती बोटीत बसली होती, प्रवासी म्हणून.
तिकीट काढून.
ज्या मुलानं ते फाडलं त्यानं वर पाहिलं नाही.
"मी तरी कुठे पाहत होते?" ती जमिनीला म्हणाली.
मी वारा बंद केला नाही.

सरळ बसली, तरी कपाळावर केस चापूनचोपून तसेच.
भांग कुणी पाडला हा?
"आईनं. शाळेच्या पहिल्या दिवशी. डावीकडे."
मी कंगव्याचं टोक उजवीकडे नेलं, रेघ ओढली.
पांढरीफटक रेघ, कधी ऊन न पाहिलेली.
आणि केस उठले. चांगले दीड बोट.
यात जादू नाही काही.
साठ वर्षं एका कुशीवर झोपलेल्याला
दुसऱ्या कुशीवर वळवा,
आधी तो दचकून उठूनच बसतो.

ग्राझिनाचा हात सवयीनं वर आला, टोपी नीट करायला,
आणि अपेक्षेआधीच केसांना लागला.
तिथेच थांबला. दाबलं नाही तिनं.

"टिकेल किती?"
उशीपर्यंत, मी म्हटलं.
रोज सकाळी पाच मिनिटं उलटी हो, भांग इकडेच ठेव.
दोनेक महिन्यांनी ते इकडेही निजतील,
तेव्हा परत डावीकडे.
"म्हणजे इकडून तिकडे, तिकडून इकडे," ती म्हणाली.
"ते येतं मला."

नऊ युरो. पावती दिली.
तिनं ती हातात घेतली, कोपरा टर्रकन फाडला,
उरलेली मला परत केली,
आणि या वेळी
वर पाहिलं.