नाद

औलीच्या उतारावर मी पडले, असं रेश्मा सांगते.
मला आठवतं ते पडण्याआधीचं:
डाव्या बुटाची सैल पट्टी, ऊन,
आणि मग एकदम हातात चहा.
मधली सात-आठ मिनिटं
तिकडंच राहिली, बर्फाखाली.

पडल्यावर मी हसले म्हणे. गॉगल पुसला.
"काय नाय झालं, गप," म्हणाले
आणि परत वर गेले.
कोल्हापूरची पोरगी. नाद करायचा नाय.
खाली येऊन विचारलं, "आपण जेवलो का गं?"
तिनं सांगितलं, राजमा खाल्लास, दोन वेळा घेतलास.
मी परत विचारलं.
चौथ्यांदा विचारलं तेव्हा रेश्मा मुजावरनं
गुडघ्यावर बसून माझ्या पायातल्या स्की
स्वतःच्या हातानं सोडवल्या, आणि मी भांडत असताना
बिष्टसरांना हाक मारली.

हेल्मेटवर ओरखडासुद्धा नव्हता.
डेहराडूनला डोक्याचा फोटो काढला. स्वच्छ.

उद्यमनगरात आमची खाली शेड, वर घर.
ग्राइंडर सुरू झाला की दात शिवशिवायचे,
ट्यूबलाइट बघितली की मळमळ.
आईनं खिडकीला सोलापुरी चादर ठोकली.
बघायला येणारे विचारायचे, "टाके किती?"
एकही नाही.
"मग झोपलीय कशाला?"
मला नीट उत्तर देता यायचं नाही.
उलथन्याला मी 'ते, भाकरी पालथी करायचं' म्हणत होते
आणि त्यावरून रडत होते.

अप्पा एक दिवस पंपाची खोळ घेऊन वर आले.
"बघ. कुठं काय दिसतंय?"
काही नव्हतं. गुळगुळीत, काळी, देखणी.
तारेला टांगून त्यांनी ती वाजवली,
हातोडीनं नाही, माझ्यासाठी पेन्सिलीनं.
बद्द.
"आत केसाएवढी भेग. डोळ्याला कळत नाही,
कानाला कळती."

राजारामपुरीतल्या डॉक्टर अथणेंना त्यांनी हेच सांगितलं, फुशारीनं.
त्या हसल्या. "भेग नाही हो. हादरा आहे.
मेंदू आतल्या आत हिंदकळलाय.
सावरेल. पण सावरायच्या आत दुसरा दणका नको,
म्हणून त्या मैत्रिणीचे पाय धरा."

अप्पा गाडीवर गप्प होते.
सायबर चौकात सिग्नलला म्हणाले,
"म्हंजे ओतीव कामच. वाळूत गरम हाय अजून.
साचा फोडायची घाई करायची नाय."

दुसऱ्या दिवसापासून घासकाम
पलीकडं तिवड्यांच्या शेडमध्ये जाऊ लागलं,
किलोमागं पैसे मोजून. मला कुणी सांगितलं नाही.
मला फक्त शांतता ऐकू आली.

पहिले दोन दिवस पडून. मग जिना.
मग रंकाळ्यावर सकाळी दहा मिनिटं,
तिथून पंधरा, तिथून पंचवीस, आणि पंचविसाला
कपाळात ठणका, म्हणून परत पंधरा.
भट्टीच्या वहीत अप्पांनी रकाने आखले:
तारीख. चालणं. ठणका.
एका पानावर, माझ्या नावापुढं, चुकून
'तापमान १४००' असंही आहे.

फोन नाही, मॅच नाही, वाचन अर्धं पान.
कंटाळ्यानं मी चादरीची भोकं मोजली.
मोजताना आकडा हरवला नाही,
तो दिवस तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार.

रेश्माचा निरोप आला, फेब्रुवारीत नवी बॅच आहे.
अथणेबाई म्हणाल्या, आधी पळून दाखव,
मग डोलून दाखव, मग बघू.
मी हो म्हटलं. मनातून नाही.

काल संध्याकाळी अप्पांनी शेडमधून वर बघत
ग्राइंडर लावला, अर्धा मिनिट.
मी खिडकीत उभी राहिले. दात गप्प होते.
त्यांनी तो तरीही बंद केला.

रात्री मी सहज विचारलं,
"आपण जेवलो का?"
आईच्या हातातली पळी तिथंच थांबली.
अप्पांनी वही ओढली.
"अहो, खरंच भूक लागलीय," मी म्हटलं,
"वाढा की. उलथनं कुठंय?"