दोन दशांश

रुस्तावीच्या पोलाद कारखान्याचं हे कॅन्टीन होतं.
सत्तावीस वर्षं मी इथे सूप वाढलं,
आता भुसा झाडते. किल्ली माझ्याकडे.
मोठ्या पातेल्याच्या जागी यंत्र आहे:
ड्रॉवरच्या पट्ट्या, मोडक्या प्रिंटरच्या मोटारी,
पाणी शिरून फुगलेल्या प्लायवूडची चौकट.
नकाशे फुकट मिळाले, नूत्सा म्हणाली.
क्विटोतल्या कुणा बाईने काढले,
व्हिएतनामात एका शाळामास्तराने सुधारले,
आपण उतरवून घेतले.
मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं?
माझ्या आजिकाची कृती मी सख्ख्या जावेला दिलेली नाही.

यंत्र चालायचं. वर्तुळ मागितलं की अंडं द्यायचं.
अख्खा मार्च महिना अंडी.
बालवाडीच्या गाड्या
फरशीवरून लंगडत गेल्या, टक टक टक.
नूत्सा स्क्रीनमध्ये आकडे शोधत राहिली,
नखं कुरतडून संपेपर्यंत.

ओतिया शेगडीजवळ बसून असायचा.
चार नंबर शॉपचा टर्नर;
उजव्या हाताची अडीच बोटं कारखान्याने ठेवून घेतलेली.
यंत्राला तो "खेळणं" म्हणे.
एका दुपारी उठला,
अंगठा स्क्रूवर टेकवला, डोळे मिटले.
"फिरव. आता उलटं. थांब.
प्ले आहे. दोन दशांश.
वळताना क्षणभर विचार करते ही बया, तिथेच फसते."

घरून पितळेचा तुकडा घेऊन आला.
कारखाना बुडाला तेव्हा एवढंच उचललं, म्हणाला,
लोकांनी क्रेन नेल्या.
नट मधोमध चिरला, पोटात पेनातली स्प्रिंग घातली.
एका अंथरुणातल्या भांडलेल्या जोडप्यासारखी
दोन्ही अर्धी पाठ फिरवून
स्क्रूला धरून बसली.

चाक गोल आलं.
त्याने ते जमिनीवर सोडलं. दारापर्यंत गेलं,
दाराबाहेर गेलं. आणायला कुणी उठलं नाही.

नूत्साने नट मोजला, कागदावर काढला,
आले होते तिकडेच नकाशे परत पाठवले,
त्यात हा एक जास्तीचा. खाली लिहिलं: ओतिया, रुस्तावी.
तो भडकला. मला विचारलं होतंस?
आठवडाभर फिरकला नाही. मग आला, म्हणाला,
आडनाव पण लाव.

ऑगस्टात फोटो आला. झांबियातली पत्र्याची शेड,
तसंच यंत्र, त्यात त्याचा नट.
पण पांढरा. पितळ परवडत नाही,
म्हणून भाजी चिरायच्या फळीचं प्लास्टिक.
"कुणी सांगितलं बदलायला?"
स्टूल पाडून उठला.
मग चष्मा मागितला. फोटो मोठा करवला, आणखी मोठा,
नुसते चौकोन दिसेपर्यंत.
"भिंत जाड ठेवलीय," पुटपुटला. "प्लास्टिकला लागतेच."
आणि बऱ्याच वेळाने,
"विचार त्याला, तेल कुठलं घालतो."

त्या रात्री मी वहीचं पान फाडलं.
लाल मिरची, लसूण, निळी मेथी, धणे, मीठ किती ते.
सकाळी नटाच्या ड्रॉइंगशेजारी खिळ्याला टोचलं,
खाली नाव: माकव्हाला, आणि आडनाव.
वाळवलेला झेंडू तेवढा लिहिला नाही.
ज्याच्या जिभेला कळेल तो विचारेल.
आठ वाजता उघडते मी.