लंगडी

ग्रिम्सबीच्या या शाळेत नोकरी लागली
त्या दिवशीच मिसेस थॉर्नडाइकने बजावलं,
'क' म्हणू नकोस. नुसतं क्.
मागे अ चिकटवलास की मुलं गोंधळतात.

आली का पंचाईत.
बार्शीच्या शाळेत आम्ही मुळाक्षरं घोकली ती
सगळी पोटात अ घेऊन.
पाय मोडलेलं अक्षर म्हणजे अर्धं,
दुसऱ्याच्या खांद्याला टेकून चालणारं.
आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मी
शाळेच्या बाथरूममध्ये आरशापुढे उभी,
क्, ट्, प्,
फुंकरीने साय बाजूला सारावी तसा
अ सारत.

मुलांचं काही अडत नाही.
साडेचार वर्षांची, नाकं वाहणारी,
आया मासळीच्या कारखान्यात पहाटपाळीला.
गालिच्यावर मांडी घालून बसतात.
हरवलेल्या कोटांची बटणं मी वाटते,
एका आवाजाला एक.
फ्, इ, श्.
तीन बटणं.
लिहायला अक्षरं चार लागतात, पण ते पुढचं पुढे,
आधी शब्द कुठे कुठे दुमडतो
ते कानाला कळू दे.

मधल्या सुट्टीत त्यांना लंगडी शिकवली.
आवाजाला एक उडी:
ब्
ॲ
ट्
आणि दोन्ही पाय टेकले की, बॅट!
सगळं मैदान मोडक्या पायांवर नाचत असतं,
वर सीगल कोकलतात, त्यांच्या आवाजाला मात्र
किती बटणं ते अजून ठरलेलं नाही.

टॉबिन खेळत नाही.
त्याच्या कानात डिंकासारखं काही साचलंय,
नळी बसवायची आहे, दवाखान्याची रांग मोठी.
सबंध थंडीत त्याने तोंड उघडलं नाही.
मी बोलते तेव्हा तो
माझ्या ओठांकडे बघतो, डोळे न मिटता.

फेब्रुवारीत, मंगळवार होता,
मी चित्रं दाखवत होते.
व्हॅन, म्हटलं. आपण लिहितो तसा, व ला ह जोडून.
मग कोळ्याचं जाळं. वेब. साधा व.
वेगळे आहेत ना आवाज?
टॉबिन उठला.
जवळ येऊन त्याने माझ्या खालच्या ओठावर
बोट ठेवलं, चिकट, केळं खाल्लेलं.
मग स्वतःचे वरचे दात स्वतःच्या ओठावर टेकवले
आणि माशीसारखा घूं घूं गुणगुणला.
मग मेणबत्ती विझवताना करतात तसा चंबू.
"तू दोन्ही सारखंच करतेस, मिस."

वर्षभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य,
आणि तेही माझी चूक काढणारं.
मिसेस थॉर्नडाइक दारात उभी होती.
ती काहीच बोलली नाही, चष्मा पुसत राहिली.

रात्री भांडी घासताना पाण्याचा जग हाताशी आला.
जग, म्हटलं. जीभ टाळूला.
मग दुसरं जग, आपण राहतो ते. जीभ दातांमागे.
लिहायला अगदी एकच,
कुणी कधी शिकवलं नाही, तरी आयुष्यात
एकदाही चुकले नाही.
खिडकीच्या काचेत पाहत पुन्हा म्हटलं.
ओठ दोन्हींना तसेच.
यातलं टॉबिनला काही दिसणार नाही.

एप्रिलात नळी बसेल म्हणतात.
मग त्याला दोन्ही म्हणून दाखवीन.
तोवर दात ओठावर टेकवून
मी सिंकपाशी घूं घूं करते आहे.