सतरा नंबर

शनिवारी अंबडला सुट्टी, म्हणून शनिवारीच बोलावलं.
तार ओढायचा कारखाना, एक्सलो पॉइंटच्या मागे.
वॉचमनने शटर अर्धंच वर केलं.
आधी लॅपटॉपची पिशवी आत सरकवली,
मग वाकून मी.

मोठ्या मोटरच्या ड्राइव्हमधलं नेटवर्कचं कार्ड गेलेलं.
नवं माझ्या तळहाताएवढं, हिरवं,
दोन सॉकेटं आणि तीन बारके दिवे.
मेन स्विच पाडला. आता पाच मिनिटं थांबायचं,
कपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत.
या पाच मिनिटांत मी फोन बघत नाही.
एकदा बघितला होता. उजव्या हाताची दोन बोटं
अजून थंडीत बधिर होतात.

पॅनलच्या दारावर, आतून,
मार्करने लिहिलेले पत्ते:
अकरा, कॅपस्टन. बारा, स्पूलर.
तेरा कुणी घेतलाच नाही.
पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, आडनावासारखे;
शेवटचा ज्याचा त्याचा.
सतराच्या पुढे यंत्राचं नाव नाही.
नुसतं, "हात लावू नये. गांगुर्डे."

गांगुर्डे कधीच निवृत्त झाले.
नकाशात सतरा नाही, प्रोग्रॅममध्ये सतरा नाही.
मॅनेजर फोनवर म्हणाले,
अहो, मोकळाच असणार, तोच टाका,
आणि मागे कुणाच्या तरी साखरपुड्याचा बँड वाजत होता.

टाकणारच होते.
पण कुणाच्या जागेवर बसण्याआधी
विचारून घ्यायची सवय.
सतराला चार हाका मारल्या.
चारही वेळा ओ आली,
दोन मिलिसेकंदांत.

मग लॅपटॉप मिटला आणि ऐकलं.
सगळी यंत्रं गप्प,
तरी कुठेतरी घरघर चाललेली,
इतकी सवयीची की आल्यापासून कानावर होती
आणि ऐकू आली नव्हती.

केबलचा माग काढत गेले,
ट्रेंचची झाकणं उचलत, एकात मेलेली पाल, एकात चहाचा कप,
थेट मागच्या शेडपर्यंत.
ॲसिडच्या टाक्या. वर भिंतीत पंखा.
खाली गंजक्या पेटीत छोटा ड्राइव्ह,
त्याच्या कार्डावर लाल दिवा:
मालक सापडत नाही.

आतली नोंद वाचली.
मालकाचा शेवटचा शब्द एक्क्याण्णव हजार तासांपूर्वी.
बोलणं तुटलं तर काय करायचं, या रकान्यात
गांगुर्डेंनी भरून ठेवलेलं:
चालू राहा. बत्तीस हर्ट्झ.

टाकीजवळ एक स्टूल,
खिळ्याला टॉवेल, त्यावर पेनने झनकर.
सोमवारी सातला येऊन ती इथे बसणार,
तारेची भेंडोळी बुडवणार, काढणार,
आणि श्वास घेणार,
ज्याचा विचार तिला करावा लागत नाही.

सतरा मी घेतला असता
तर पुढच्या मशीनला दिलेलं 'थांब'
कधीतरी इथे पोचलं असतं.
आणि त्याने ऐकलं असतं.
इतक्या वर्षांनी कुणी बोललं म्हणून
लगेच ऐकलं असतं.

नव्या कार्डाला तेवीस दिला.
पुन्हा वीज पाडली, पुन्हा दिली,
पत्ता तोवर अंगी लागत नाही.
तोच रकाना माझ्यासमोर आला: बोलणं तुटलं तर?
इथे मी 'थांब' निवडलं.
कॅपस्टनजवळ हात असतात.

शून्य चार सात ई. तयार राहा.
शून्य चार सात एफ. चल.
मोटर अंग मोडून उठली.

सर्व्हिस रिपोर्टात दोन तास लिहिले,
ट्रेंचचा तास कुठल्याच रकान्यात बसेना.
निघताना दारावर, गांगुर्डेंच्या ओळीखाली,
लिहायला घेतलं, सतरा म्हणजे काय ते.
मार्कर सुकत आलेला.
'ॲसिड शेडचा' इथपर्यंत उमटलं,
'पंखा' दोनदा गिरवावा लागला.