आगळ तेच ने तेच

नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची.
त्यांचा अल्बम सत्तेचाळीसचा.
हा हिशेब दांडिया बाजारात
दिगंबर शितोळेंच्या दुकानात कधीच जुळला नाही,
आणि शेवटचं गाणं
ऐन उंचीवर,
गायकाने श्वास आत घेतलाय, शब्द यायचाय,
तेवढ्यात टक् करून तुटायचं.

काका, पुढे काय आहे?
पेन्सिलीने फीत गुंडाळत ते म्हणाले,
आगळ तेच ने तेच आहे, बेन.

पंधराव्या वर्षी यावर कोण विश्वास ठेवतं?

रेकॉर्डी यायच्या टोरंटोहून,
रिफायनरीतल्या फाटकांच्या मेहुण्याच्या बॅगेतून,
स्वेटरांच्या घडीत.
इंग्रजी नावं लिहायचा शितोळेंना कंटाळा.
चित्र बघून स्वतःच बारसं करायचे:
पंखवाली मोटार. जळता जिना. बर्फातली बाई.
लाल शाईची वही होती, कुणी काय भरून नेलं त्याची.
जळता जिना सोळा वेळा गेला,
त्यातला सहा वेळा एकट्या घोरपडेंच्या अनिरुद्धकडे,
दर वेळी वेगळ्या मुलीसाठी.
सहावीने लग्न केलं त्याच्याशी. बाकीच्या पाच कॅसेटा
शहरात कुठे कुठे वाजत राहिल्या असतील.

आधी पियानो, एकटा,
जिन्यात कुणी चप्पल काढावी इतका हळू.
मग तो आवाज, पुरुषाचा, पण बाईच्याही वर जाणारा,
मग ढोल,
मग दोन गिटारी एकमेकींचा हात धरून,
आणि धृपदाला अख्खं छप्पर उचललं जायचं.
सगळी गाणी गाव सोडून जाणाऱ्या रस्त्यांची.
मला ठाऊक असलेला तसा रस्ता एकच, पादऱ्याचा,
मग मी त्या सगळ्यांना पादऱ्याच्या रस्त्यावर काढलं,
लांब केसांचे, चामड्याच्या जाकिटातले,
दोन्हीकडे वांग्याची शेतं.

जाणकार म्हणायचे, फार गोड,
फार घासूनपुसून ठेवलेलं, यात रक्त नाही.
असेल.
आमच्याकडे श्रीखंडाला कुणी असं बोलत नाही.

पहिली कॅसेट, पंखवाली मोटार,
दुकानात दुसरा डेक यायच्या आधीची.
स्पीकरसमोर माइक धरून उतरवलेली,
त्यामुळे समोरच्या मान्यांच्या सेव-उसळीचा डाव
पातेल्याच्या काठावर दोनदा वाजलेला
तिच्यात कायमचा शिरला.
शितोळे म्हणाले, पुन्हा करून देतो, पैसे नकोत.
मी म्हटलं, राहू द्या.

आता भाच्याने फोनवर सगळं काढून दिलंय.
कोणत्या अल्बमने कुणावर किती परिणाम केला
त्याच्या याद्याही दाखवतो, आकड्यांसकट.
मी फक्त सत्तेचाळीस मिनिटं मागितली.
सुरसागरच्या कठड्याशी स्कूटर लावली, कानात घातलं.
पंचेचाळिसावं मिनिट आलं.
गायकाने श्वास घेतला.
माझा हात आपोआप बटणाकडे गेला, बाजू बदलायला,
आणि तो गायला.

तीच ओळ.
पुन्हा तीच. मी मोजलं, अकरा वेळा,
दर वेळी थोडी लांब,
रावपुऱ्याच्या वळणावरून कुणाची लूना निघून जावी तशी.
मग काही नाही.

मी हसले, एकटीच, कठड्यावरचा चणेवाला बघत राहिला.
इतकी वर्षं मी त्या दोन मिनिटांत
काय काय भरून ठेवलं होतं.
शितोळेंना सांगायला हवं होतं.
त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
मुलगा विकतो, तोही बेनच म्हणतो.

मग पंखवाली मोटार लावली.
स्वच्छ, लखलखीत, एकही ओरखडा नाही.
दुसरं कडवं संपलं, गिटारी वर चढायला लागल्या,
आणि मी थांबले,
डाव वाजायची वाट बघत.