एकोणीस

केप्याच्या कॉलेजात, जिमखान्यात, कॅरमच्या मागे
एक हिरवं रजिस्टर आहे. अक्षर माझं.
सन अठ्ठ्याण्णव: मिनीन कार्व्हालो, एका मोसमात गोल एकोणीस.
त्यातले अठरा त्याचे.

एकोणिसावा सांग्याच्या मैदानावर
त्यांच्याच स्टॉपरच्या गुडघ्याला लागून आत गेला.
मिनीन तेव्हा कॉर्नरपाशी बुटाची नाडी बांधत होता.
उठला, आणि दोन्ही हात वर केले.
मी पेन उघडलं.

पुढे तो तारवटी झाला.
दर नाताळात येतो, भिंतीवरचा फळा पोरांना दाखवतो,
मला दोदोलचा डबा देतो. जड असतो.

आज अवधूत वेळीप अठरावर अडकला.
शेवटची मॅच, चेंडू पोस्टला लागून शेतात,
आणि शिट्टी.
चिखलाच्या मोज्यांनीच ऑफिसात आला,
"सर, परत एकदा मोजा ना."
मोजले. बोट ठेवून परत मोजले.
"अठराच," म्हणालो.
हे खोटं नव्हतं.

घरी जाताना कुशावतीच्या पुलावर स्कूटर थांबवली.
खिशात खोडरबर निघालं, पेन्सिलीचं.