अळणी

अहवाल अळणी लिहायचा असतो.
‘लुबाडलं’ नाही, ‘तफावत आढळली’.
‘चोर’ तर नाहीच नाही.
ओडेसा ट्रिम्बल, माझ्या वरिष्ठ,
माशातले काटे काढावेत
तशी विशेषणं काढून बाजूला ठेवतात.

प्रकरण मिठाचं आहे.
खायच्या नव्हे, बफेलोच्या रस्त्यांवर
बर्फ सुटावा म्हणून टाकतात त्या,
करड्या, जाड खड्यांच्या.
पालिकेनं पैसे मोजले अठरा हजार टनांचे.
वजनकाट्याच्या पावत्याही तेवढ्याच भरल्या,
सहीसकट, शिक्क्यासकट.
मला तिथंच खटकलं:
गारठलेल्या बोटांनी लिहिलेलं,
आणि कुठंच खाडाखोड नाही?

जानेवारीत तीन दिवस शहर घरात कोंडलेलं,
दारं उघडेनात, पूल बंद.
त्या तीन दिवसांत चौदा नंबरच्या ट्रकनं
एकतीस खेपा केल्या.
कागदावर बर्फ पडत नाही.

कॅसिमिर डुडेक बुटांच्या खोक्यात
खऱ्या पावत्या घेऊन आला.
टोपी काढली नाही. खुर्चीच्या कडेवर बसला.
तेवीस वर्षं त्यांचाच ट्रक चालवतोय, म्हणाला,
मुलीच्या ऑपरेशनला उचलही त्यांनीच दिली.
मी मनात म्हणाले, खाल्ल्या मिठाला…
आणि अडखळले.
कुठल्या मिठाला, कॅसिमिर?
तू खाल्लंस त्या,
की रस्त्यावर पडलंच नाही त्या?

बसथांब्यावर एक बाई घसरली होती,
रात्रपाळीहून परतताना. खुबा मोडला.
मी तिला परिशिष्टात घातलं.
ट्रिम्बलबाईंनी काढलं: ‘कार्यकारणसंबंध सिद्ध नाही.’
बरोबरच आहे त्यांचं.
ते पान मी खणात ठेवलंय. फाडवलं नाही.

एक्केचाळीस पानं, अकरा शिफारशी.
उपायुक्तांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला.
कंपनीनं नाव बदललं.
ट्रक तेच आहेत, दारावरचा रंग ओला.
कॅसिमिरचा फोन लागत नाही.

आज सकाळपासून पुन्हा पडतंय.
पार्किंगमध्ये बुटाखाली काही करकरलं,
मी वाकले, खडे उचलून तळहातावर धरले.
मागून ट्रिम्बलबाई: ‘चल, गारठशील.’
मग त्याही थांबल्या.
‘किती आहेत?’
‘चार.’
‘लिहून ठेव.’